ओरव्हालच्या मठातील एक पेला

धर्मगुरूने प्रवासवर्णन लिहावयास घेतले म्हणजे ते एखाद्या तीर्थक्षेत्राचे असावयाचे, अशी वाचकांची समजूत असते आणि ती रास्तही आहे. मीही आज एका मठाविषयीच लिहिणार आहे. परंतु त्या मठाच्या दारी मी जे चाखले ते तीर्थ नव्हते, बिअर होती; ही गोष्ट आरंभीच कबूल करून टाकलेली बरी. माझ्या सोबत्याने हौसेने काढलेले एक छायाचित्र मोबाइलवरून गावी पोहोचले होते आणि मी परत येण्यापूर्वीच माझी कीर्ती धर्मग्रामभर झाली होती. "फादर बेल्जममध्ये पिऊन आले," असे कोणी हसत म्हणाले, कोणी दुःखाने म्हणाले. हसणाऱ्यांना उत्तराची गरज नाही. दुःखाने म्हणणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

प्रिय वाचकहो, खानापूरच्या रानपट्ट्यातील आपल्या गावांत दारूने काय केले आहे, हे मी तुम्हांस सांगावयास नको. मी स्वतः त्याच घरांपैकी एका घरातला. माझे वडील गवंडी होते. हाताला मोठी कला होती. आमच्या प्रार्थनामंदिराच्या पायऱ्या त्यांनी बांधल्या, त्या आजही हललेल्या नाहीत. परंतु शनिवारची मजुरी घरापर्यंत क्वचितच येई. एका पावसाळ्यात त्यांनी आईच्या बोटातील लग्नाची अंगठी सावकाराकडे ठेवली. ती पुन्हा आली नाही. मी तेरा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे मी सेमिनरीत निघालो त्या दिवशी आईने शपथ वगैरे काही घातली नाही, एवढेच म्हणाली, "बाबा, त्या वाटेला जाऊ नको." वेदीवरील द्राक्षरस सोडला तर मी त्यानंतर मद्याचा थेंब चाखला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात मला काही आठवडे युरोपात जाण्याचा योग आला. सेमिनरीतील माझे एक सोबती सध्या बेल्जमच्या दक्षिण भागात धर्मगुरू म्हणून सेवा करीत आहेत. एके काळी बेल्जमने आपल्याकडे मिशनरी धाडले. छोटानागपूरच्या आदिवासींसाठी झिजलेले फादर कॉन्स्टंट लीव्हन्स आणि रामकथेचे थोर अभ्यासक फादर कामिल बुल्के हे दोघेही त्याच भूमीचे. आज तेथील देवळांत भारतातून गेलेले धर्मगुरू मिस्सा अर्पण करताना दिसतात. काळाची चाके अशी फिरतात. सोबती म्हणाले, "तुला मोठी शहरे दाखवीत नाही. ओरव्हालला दोन दिवस राहू."

ओरव्हाल हे बेल्जमच्या लक्झेंबर्ग प्रांतात, गोम नावाच्या मुलखात, फ्रान्सच्या सीमेला अगदी लागून आहे. ब्रुसेल्सपासून मोटारीने दोनशे किलोमीटरच्या आतला प्रवास. शेवटचा टप्पा दाट रानातून जातो. बीच आणि ओक वृक्षांच्या त्या गर्द सावलीत मला क्षणभर आपल्या लोंढ्याकडील वाट आठवली. मग रान एकाएकी दूर सरते आणि खालच्या खोलगट भागात पिवळसर दगडांचा प्रचंड मठ उभा राहतो. त्याच्या नव्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर पवित्र मरियेची बाळ येशूसह कोरलेली मूर्ती इतकी उंच आहे, की तिच्या पायाशी उभा राहणारा माणूस बोटाएवढा दिसतो.

या मठाची कथा हजार वर्षांची आहे. 1070 च्या सुमारास इटलीच्या दक्षिणेकडील कालाब्रियातून काही संन्यासी येथे येऊन राहिले. पुढे 1132 मध्ये शाम्पेन प्रांतातून सिस्टर्शियन मठवासी आले आणि मठ भरभराटीस आला. परंतु फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला, तेव्हा 1793 मध्ये क्रांतीच्या सैन्याने मठ लुटला व जाळला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे येथे भग्न भिंती आणि त्यांवर चढलेल्या वेलीच होत्या. 1926 मध्ये त्या जमिनीच्या मालक असलेल्या द हारेन घराण्याने ते अवशेष सिस्टर्शियन संघास परत दिले. नॉर्मंडीतील ला ट्राप मठाचे डोम मारी-आल्बेर व्हान डर क्रॉइसेन यांनी पुनर्बांधणीची धुरा उचलली, वास्तुशिल्पी हेन्री व्हाएस यांनी आराखडे काढले. पैसा मात्र नव्हता. तेव्हा बेल्जमच्या टपालखात्याने ओरव्हालच्या साहाय्यार्थ अधिक किमतीची तिकिटे काढली आणि 1931 मध्ये मठाने आपल्याच आवारात बिअरचा कारखाना सुरू केला. 1948 मध्ये नव्या मंदिराचे पवित्रीकरण झाले. म्हणजे ज्या भिंतींखाली मी दोन दिवस प्रार्थना केली, त्या भिंती उभारण्यास बिअरचाही हातभार लागला होता. हे समजले तेव्हा मी जरा गोंधळलो, हे लपवीत नाही.

नव्या मठाशेजारी जुन्या मठाचे अवशेष जपून ठेवले आहेत. छप्पर नसलेल्या जुन्या मंदिरात गवत उगवले आहे. गोल गुलाबाकृती खिडकीतून आता काचांऐवजी आकाश दिसते. त्याच अवशेषांत एक झरा आहे. दंतकथा अशी, की टस्कनीची काउंटेस मातिल्डा एकदा या झऱ्याकाठी बसली होती. ही मातिल्डा इतिहासातील खरी. 1077 मध्ये सम्राट चौथा हेन्री ज्या कनोसाच्या किल्ल्यात सातव्या ग्रेगरी पोपमहाशयांची क्षमा मागावयास आला, तो किल्ला हिचाच. कथेत ती विधवा आहे. पाण्याशी खेळताना तिच्या बोटातील लग्नाची अंगठी झऱ्यात पडली. पतीची ती शेवटची खूण. तिने कळवळून पवित्र मरियेची प्रार्थना केली. तोच एक ट्राउट मासा पाण्यावर आला. त्याच्या तोंडात अंगठी होती. "खरोखर ही सोन्याची दरी आहे!" असे उद्गार तिच्या मुखातून निघाले. फ्रेंच भाषेत सोने म्हणजे 'ओर' व दरी म्हणजे 'व्हाल', यावरून ओरव्हाल. अंगठी तोंडात धरलेला मासा हीच आजही मठाची मुद्रा आहे आणि बिअरच्या बाटलीवर तीच असते.

सोबती ही कथा मोठ्या रसाने सांगत होते. मी झऱ्याच्या स्वच्छ पाण्याकडे पाहत उभा राहिलो आणि मला आईचे बोट दिसले. त्यावर अंगठीच्या जागी कितीतरी वर्षे एक पांढरट वळे राहिले होते. आईनेही पवित्र मरियेची प्रार्थना काही थोडी केली नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी मठाच्या दाराबाहेरील 'रक्षक देवदूत' या नावाच्या खाणावळीत आम्ही बसलो. ब्रेड, मठातच दुधापासून बनविलेले चीज आणि ओरव्हालची एक बाटली असे सोबत्यांनी मागविले. मी पाणी मागितले. सोबती माझ्या घरची हकीकत जाणून होते. त्यांनी आग्रह केला नाही. परंतु ते म्हणाले, "तू जन्मभर दारूविरुद्ध प्रवचने देणार. मग निदान हे तरी पाहा, की मठवासी लोक जे करतात ते काय आहे."

आणि त्यांनी ते समजावून सांगितले. कारखाना पाहुण्यांसाठी एरव्ही उघडा नसतो, सबब मी जे लिहीत आहे ते ऐकलेले व तेथील संग्रहालयात पाहिलेले आहे. जव भिजवून त्याला मोड आणतात व ते भट्टीत वाळवतात. मग भरडून गरम पाण्यात कालवतात, म्हणजे धान्यातील पिठाची साखर होते. हा गोड रस मोठ्या काहिलीत उकळतात. आपल्या गुऱ्हाळांतून उसाचा रस उकळताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते दृश्य अनोळखी वाटणार नाही. उकळत्या रसात हॉप घालतात. हॉप ही एक वेल आहे. तिच्या मादी फुलांचे हिरवट, पापुद्र्यांचे झुबके होतात आणि पापुद्र्यांच्या मुळाशी पिवळी चिकट धूळ असते. तिच्यातच सारा कडूपणा व सुगंध साठविलेला असतो. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड यांनीही आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात हॉपच्या कडूपणाने पेय टिकते अशी नोंद केली आहे. उकळल्याने कडूपणा रसात उतरतो, पण सुगंध वाफेबरोबर उडून जातो. म्हणून ओरव्हालमध्ये खमिराने रस आंबल्यानंतर, थंड पेयात पुन्हा कोरडे हॉप घालून सुमारे तीन आठवडे ठेवतात. ही इंग्लंडकडील जुनी रीत या मठात पहिल्या कारागिरांनी आणली. शेवटी बाटलीत भरताना थोडी साखर व आणखी खमीर घालतात. या खमिरात ब्रेटानोमायसीस नावाची एक रानटी जात असते. 1904 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यातील क्लाउसेन या शास्त्रज्ञाने तिला हे नाव दिले. पुष्कळ ठिकाणी द्राक्षमद्य बनविणारे तिला रोगासारखी हाकलून देतात. येथे तिला मुद्दाम घरात घेतात. ती बाटलीत महिनोन् महिने सावकाश काम करीत राहते, म्हणून नवी बाटली आणि वर्षभर ठेवलेली बाटली यांची चव वेगळी लागते. मद्यार्काचे प्रमाण 6.2 टक्के, बाटली 33 सेंटिलिटरची. आपल्या काजूच्या फेणीत हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर असते, हे तुलनेसाठी सांगतो.

मी बराच वेळ गप्प होतो. मग मी होकार दिला. याचे कारण केवळ कुतूहल नव्हते. ज्या वस्तूला मी तीस वर्षे भीत आलो तिच्याकडे एकदा न पळता पाहावे, असे मला वाटले. हा निर्णय योग्य होता की नव्हता, हे पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

पेला जाड काचेचा, उभ्या दांड्याचा, वर पसरट तोंडाचा. त्याचाही आराखडा त्याच व्हाएस महाशयांचा. वेदीवरील पेल्याशी त्याचे साम्य पाहून मी चपापलो. सोबत्यांनी बाटली अगदी हळू ओतली आणि तळाचा खमिराचा गाळ बाटलीतच ठेवला. पेय पिकल्या संत्र्यासारखे तांबूस-पिवळे, किंचित धूसर. त्यावर पांढऱ्या फेसाची उंच टोपी, जी लवकर खाली बसेना. पेला नाकाशी नेला तेव्हा पहिल्यांदा वाळल्या गवताच्या गंजीचा वास आला, मग संत्र्याच्या सालीचा, आणि त्यामागे नव्या चामड्याचा, चांभाराच्या दुकानात येतो तसा. पहिला घोट घेतला. मला गोड काही तरी असेल असे वाटले होते. तो कडू होता. काडेकिराइताइतका नव्हे, परंतु कोवळ्या कारल्यासारखा स्वच्छ, सरळ कडू. आत किंचित आंबटपणा, थोडा मिऱ्याचा भास, आणि घोट गेल्यावर जीभ अगदी कोरडी. गोडवा औषधालाही उरला नव्हता. त्या रानटी खमिराने सारी साखर खाऊन टाकलेली. सोबती म्हणाले, "फार गार देत नाहीत. गार केले म्हणजे चव लपते." अर्ध्या पेल्यापर्यंत तो कडूपणा मला परका वाटत होता. चीजचा तुकडा खाल्ल्यावर तो एकाएकी ओळखीचा झाला. मग मात्र मला तो आवडला. मी चांगल्या कारागिराचे काम पाहत होतो. माझ्या वडिलांनी बांधलेल्या पायऱ्यांतही मला तोच प्रामाणिकपणा दिसतो.

पेला संपला. आणि वाचकहो, येथे मला एक गोष्ट लिहिणे भाग आहे, जी मी माझ्या सोबत्यांनाही त्या वेळी सांगितली नाही. मला दुसरा पेला हवासा वाटला. केवळ चवीपोटी नव्हे. छातीत एक ऊब आली होती, खांद्यांवरचे ओझे कोणी तरी उतरवून बाजूला ठेवल्यासारखे वाटत होते, आणि ती ऊब जाऊ नये असे मला फार तीव्रतेने वाटले. खाणावळीतील बाई जवळून गेली तेव्हा माझा हात आपोआप वर उठू लागला. त्या क्षणी मी माझ्या वडिलांना ओळखले. इतकी वर्षे मी त्यांच्यावर रागावलो होतो. त्यांना तहान कशी लागत असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. दिवसभर दगड वाहिलेल्या त्या खांद्यांना ही ऊब काय वाटली असेल! राग गेला असे म्हणत नाही. पण त्यात प्रथमच करुणा मिसळली.

इतक्यात मठाची घंटा वाजली. दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेची ती वेळ. आम्ही उठलो. मंदिरात दिवे मंद होते. पांढऱ्या झग्यातील मठवासी, आता संख्येने मोजकेच आणि बरेचसे वृद्ध, समोरासमोर उभे राहून स्तोत्रे गात होते. अखेरीस पवित्र मरियेला उद्देशून 'साल्व्हे रेजिना' सुरू झाले. हे गीत गाऊनच ट्रापिस्ट मठवासी दिवस संपवितात आणि मग पहाटेपर्यंत मौन धरतात. मी त्या अंधारात उभा राहून आईसाठी आणि वडिलांसाठी अशी एकच प्रार्थना केली. इतकी वर्षे मी त्या वेगवेगळ्या करीत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी संत बेनेडिक्टांच्या नियमांविषयी सोबत्यांशी बोललो. सहाव्या शतकातील या संतांनी चाळिसाव्या प्रकरणात पेयाचे माप ठरवून दिले आहे: प्रत्येकाला दिवसाला एक हेमिना, म्हणजे रोमन हिशेबाने पाव लिटरहून थोडे अधिक. मद्य मठवासीयांसाठी नव्हेच, असे त्यांचे मत होते. परंतु आपल्या काळातील लोकांना ते पटत नाही, तर निदान बेताने घ्यावे, असे ते समजूतदारपणे सांगतात आणि ज्यांना पूर्ण वर्ज्य करण्याचे बळ देवाने दिले आहे त्यांना विशेष प्रतिफळ मिळेल, असेही जोडतात. दुसऱ्या एका प्रकरणात, मठवासीयाने आपल्या हातच्या कामावर जगावे असा दंडक आहे. म्हणूनच ट्रापिस्ट हे नाव लावणाऱ्या वस्तूला तीन अटी असतात: ती मठाच्या आवारात तयार व्हावी, मठवासीयांच्या देखरेखीखाली व्हावी, आणि तिचे उत्पन्न मठाच्या गरजांसाठी व दानधर्मासाठीच खर्च व्हावे.

परंतु हातच्या कामावर जगावयाचे म्हणजे बिअरच बनविली पाहिजे असे नाही, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. बेल्जममधील स्कुर्मोंच्या मठात शिमे नावाची प्रसिद्ध बिअर होते. त्याच मठातील फादर फ्रान्सिस माहियू भारतात आले, फ्रान्सिस आचार्य झाले, आणि 1958 मध्ये केरळच्या वागमोण डोंगरावर त्यांनी कुरिशुमला आश्रम वसविला. तेथे त्यांनी भट्टी लावली नाही, गाई पाळल्या. तो आश्रम दुधावर उभा राहिला आणि आसपासच्या शेतकऱ्यांनाही त्याने गोपालनाची वाट दाखविली. नियम एकच, मठही एकाच परंपरेतील. बेल्जममध्ये जव पिकतो आणि लोक जेवणाबरोबर बिअर पितात, म्हणून तेथे बिअर. आपल्याकडे दारू जेवणाचा भाग नाही, तर जेवणाची वैरीण आहे. म्हणून येथे दूध. त्या बेल्जन संन्याशाने हे ओळखले, यात त्याचे शहाणपण दिसते.

मी गावी परतलो. पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर एक गृहस्थ मुद्दाम थांबले. त्यांना गेली दहा वर्षे मी पापनिवेदनाबाहेरही समजावीत आलो आहे. ते म्हणाले, "फादर, तुम्ही प्यायलात ना? मग आम्हांलाच मनाई का?" त्यांची पत्नी चार पावलांवर मान खाली घालून उभी होती. तिच्या बोटात अंगठी नव्हती.

माझ्याजवळ धर्मशास्त्रातील उत्तर तयार होते. मद्य हे स्वतः पाप नव्हे. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षरस केला. ख्रिस्तसभेच्या जुन्या विधिग्रंथात बिअरला आशीर्वाद देण्याची प्रार्थनाही आहे. पाप आहे ते अतिरेकात. हे सर्व खरे आहे. परंतु त्या बाईच्या बोटाकडे पाहून ते उत्तर माझ्या तोंडातून निघेना. मी त्यांना बाजूला नेले आणि दुसऱ्या पेल्याची गोष्ट सांगितली. हात कसा उठू लागला, घंटा कशी वाजली. म्हणालो, "माझ्या वेळी घंटा वाजली, म्हणून मी वाचलो. मी गवंड्याचा मुलगा आहे, ती तहान माझ्यातही आहे हे मला आता ठाऊक झाले. म्हणून माझा तो पेला पहिला आणि शेवटचा. ज्याचा हात आपोआप वर उठतो, त्याच्यासाठी मठातली बिअर आणि हातभट्टी यांत फरक नाही. तुमचे माझे एकच दुखणे आहे. आपण दोघे मिळून सोडू."

ते काही बोलले नाहीत. परंतु त्यांनी मला थट्टेने उत्तरही दिले नाही. दहा वर्षांत असे प्रथमच घडले. त्यानंतरच्या शनिवारी, मजुरीच्या दिवशी, ते दारूच्या दुकानाऐवजी माझ्या ओसरीवर येऊन बसले. आम्ही चहा घेतला. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा आले. आता शनिवारी संध्याकाळी प्रार्थनामंदिराची घंटा मी पंधरा मिनिटे आधी वाजवावयास सांगतो. का, हे घंटा वाजविणाऱ्या मुलाला ठाऊक नाही.

अंगठी अजून सावकाराकडेच आहे. त्यांनी तिच्यासाठी पैसे बाजूला टाकण्यास सुरुवात केली आहे आणि ते माझ्या कपाटात ठेवले आहेत. वाचकहो, आज रात्री कुटुंबात पवित्र माळेची प्रार्थना कराल तेव्हा त्या घरासाठी एक नमो मरिया अधिक म्हणा. आणि अशी तहान तुमच्याही घरात कोणाला असेल, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी त्याच्यासाठीही एक म्हणा.